आधी उतार, मग कमान

प्रति,
नवी मुंबईतल्या खेळाच्या मैदानांच्या सुधारणेचे नकाशे आणि एस्टिमेट करणारे अभियंते, सल्लागार, आणि त्यांवर सह्या करणारे अधिकारी

विषय: मैदानाच्या नव्या आराखड्यात सॉफ्टबॉल-बेसबॉलची आखणी करण्याबाबत, आणि त्याआधी पाण्याबाबत.

सप्रेम नमस्कार,

आमच्या मैदानाचा प्रस्तावित नकाशा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला तेव्हा सगळ्यांनी आधी कमान पाहिली. कमान छानच आहे. दोन दगडी खांब, वर नाव, रात्री रंग बदलणारे दिवे. मी सवयीने नॉर्थ शोधला. बाण होता, कागदाच्या कडेला समांतर, सरळ वर. प्रत्यक्ष मैदानात उभं राहून मोबाइलचा कंपास उघडला तर उत्तर येते समोरच्या कोपऱ्याकडे, भिंतीकडे नाही. म्हणजे बाण कुठल्यातरी जुन्या फाइलमधून उचलून इथे ठेवलेला आहे.

राग मानू नका, हे पाप मीही केलेलं आहे. मी सिव्हिल ड्राफ्ट्समन. महापेला एका ऑफिसात दिवसभर नाले, फुटपाथ आणि कंपाउंड वॉल काढते. संध्याकाळी साडेसहाला साहेब म्हणाले, ‘शीट आजच गेलं पाहिजे,’ की टायटल ब्लॉक, नॉर्थ आणि चार झाडं आधीच्या कामातूनच येतात. तेव्हा मी तक्रारदार म्हणून कमी आणि धंदाबंधू म्हणून जास्त लिहिते आहे. फरक एवढाच की सकाळी सहा ते आठ मी त्याच मैदानावर असते. कोपरखैरणेतल्या बावीस मुली आणि सात मुलगे तिथे सॉफ्टबॉल खेळतात, आणि मी त्यांची ताई.

सॉफ्टबॉल म्हटलं की पहिला प्रश्न, ‘म्हणजे मऊ बॉल?’ मऊ नाही. बारा इंच घेराचा, चामड्यासारख्या आवरणाचा, लागला तर चांगला टेंगूळ येणारा. बेसबॉलचाच हा धाकटा भाऊ. बॉल मोठा, मैदान लहान, फेक खालून. दुसरा प्रश्न आईबापांचा असतो, ‘क्रिकेट का नाही?’ त्याला माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक, शासकीय नोकऱ्यांतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीचे क्रीडा गुण. दोन, क्रिकेटच्या रांगेत आमच्या मुलींचा नंबर कधी लागणार ते त्यांनाही ठाऊक आहे. माथाडी वसाहतीतली सातवीतली मुलगी अकादमीची फी भरू शकत नाही, पण चार ग्लव्ह्जमध्ये अकरा जणी भागवू शकतात.

तिसरं उत्तर अलीकडे मिळालंय. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येतंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच यादीतून बेसबॉल आणि सॉफ्टबॉलही परत येतायत, हे सांगावं लागतं. दुबईत भरणाऱ्या व्यावसायिक बेसबॉल लीगमध्ये ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघसुद्धा आहे. मुंबईच्या नावाचा संघ वाळवंटात खेळतो आणि मुंबईच्या खाडीपलीकडे आमची मुलं होम प्लेट म्हणून, म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभी राहते त्या पाटीऐवजी, रबरी पायपुसणं वापरतात. असो.

आता कामाचं बोलू.

आपल्या नकाशात मैदानाच्या मधोमध लिहिलंय, ‘बहुउद्देशीय क्रीडांगण’. मला तुमची अडचण समजते. एकाचं नाव लिहिलं की दुसरा निवेदन घेऊन येतो. पण ज्या खेळाचं माप नकाशात नाही त्या खेळाला जागा उरत नाही, कारण उरलेल्या जागेत बाकडं येतं. म्हणून आधी मापं सांगते.

मोठ्या माणसांच्या बेसबॉलची जागा मी मागतच नाही. त्यात बेस, म्हणजे धावणाऱ्याने एकामागून एक गाठायचे थांबे, एकमेकांपासून ९० फुटांवर आणि कुंपण होम प्लेटपासून थेट सव्वातीनशे-चारशे फुटांवर. आपल्या सेक्टरच्या मैदानात ते बसवायचं तर शेजारच्या दोन सोसायट्या पाडाव्या लागतील. पण सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर असतात, म्हणजे १८.२९ मीटर. मुलींची पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, ४३ फुटांवरून टाकते. मुलींसाठी कुंपण २२० फुटांवर, म्हणजे ६७ मीटर. आणि लिटल लीग म्हणून बाराएक वर्षांपर्यंतच्या मुलांचं जे बेसबॉल जगभर चालतं, त्याचेही बेस ६० फुटांवरच. म्हणजे एका आखणीत आमच्या सगळ्या मुली आणि लहान मुलांचं बेसबॉल, दोन्ही बसतं.

आमचं मैदान अंदाजे ११० मीटर लांब, ९० मीटर रुंद. क्रिकेटचं मैदान मधून आखायला सुरुवात होते, आमचं कोपऱ्यातून. होम प्लेट एका कोपऱ्यात, तिथून दोन फाउल लाइन, म्हणजे खेळाच्या हद्दीच्या रेघा, काटकोनात दोन भिंतींना समांतर जातात, आणि मधला पाव वर्तुळाचा तुकडा म्हणजे मैदान. दोन्ही भिंतींपासून १२ मीटर सोडून होम प्लेट ठेवली तर ६७ मीटरनंतरही आखूड बाजूला ११ मीटर आणि लांब बाजूला ३१ मीटर उरतात. तुमची ओपन जिम, झोपाळे, गझिबो, पंप रूम, सगळं त्या ३१ मीटरच्या पट्ट्यात खुशाल बसतं. काहीच काढून टाकायला नको, फक्त हलवायचं आहे.

कारण आज ती ओपन जिम नेमकी ज्या कोपऱ्यात दाखवलीय तोच होम प्लेटचा कोपरा आहे. दुसरा कुठलाही का चालत नाही, याचं उत्तर त्या नॉर्थच्या बाणात आहे.

बेसबॉलच्या नियमपुस्तकात एक जुनी सूचना आहे: होम प्लेटपासून पिचरच्या पाटीवरून दुसऱ्या बेसकडे जाणारी रेघ पूर्व-ईशान्येकडे असावी. अमेरिकेत सामने दुपारी व्हायचे. मावळतीकडे जाणारा सूर्य बॅटरच्या पाठीशी राहावा, अंगावर येणारा बॉल तिला दिसावा, एवढाच हेतू. तिथे डावखुऱ्या पिचरला ‘साउथपॉ’ म्हणजे दक्षिणेकडचा पंजा म्हणतात, तेही या आखणीवरूनच आलं असं सांगतात. बॅटर पूर्वेकडे पाहतो, पिचर पश्चिमेकडे, म्हणून त्याचा डावा हात दक्षिणेला. गोष्ट खरी असो-नसो, मुलींच्या लक्षात दिशा राहतात.

मी तीच सूचना आमच्या मैदानावर जशीच्या तशी लावून पाहिली आणि फसले. आपल्याकडे दुपारी कोण खेळतं? एप्रिलमध्ये दुपारी मैदानावर कुत्रंही फिरकत नाही. आपला खेळ सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत. होम प्लेटवरून पूर्व-ईशान्येकडे तोंड केलं की मे-जूनचा सूर्य उगवतो तो थेट पिचरच्या खांद्यावर. पहिल्याच आठवड्यात आमची एक बॅटर बॉल येताना बॅट टाकून खाली बसली. ‘ताई, सूर्य!’ एवढंच म्हणाली. बॉल तिच्या हेल्मेटवरून गेला. त्या दिवशी आम्ही पायपुसणं उचललं आणि मैदानाला प्रदक्षिणा घातली.

चारही कोपऱ्यांत आठ-आठ दिवस खेळून पाहिलं. आपल्या अक्षांशावर सूर्य जूनमध्ये थोडा ईशान्येकडे सरकून उगवतो आणि वायव्येकडे सरकून मावळतो. डिसेंबरात आग्नेय आणि नैर्ऋत्येकडे. म्हणजे बॅटरचं तोंड जवळपास उत्तरेकडे असलं, तर बारा महिन्यांत सकाळी किंवा संध्याकाळी सूर्य तिच्या समोर येतच नाही, बाजूला राहतो. क्रिकेटची खेळपट्टी दक्षिणोत्तर ठेवतात त्याचं कारण हेच. आऊटफिल्डमधल्या, म्हणजे बेसांपलीकडे लांब उभ्या असलेल्या, कुणा ना कुणाच्या डोळ्यांवर ऊन येणार, ते टळत नाही. पण तिच्याकडे बॉल साठ मीटरवरून येतो आणि टोपी पुढे ओढायला तिला वेळ असतो. बॅटरकडे पाऊण सेकंदसुद्धा नसतो.

आमचं मैदान दिशांना तिरकं आहे, म्हणून त्याचा एक कोपरा दक्षिणेला येतो. होम प्लेट तिथे ठेवली की बॅटर उत्तरेकडे पाहते. तुमच्या नकाशात तिथे ओपन जिम आहे. नॉर्थचा बाण बरोबर फिरवला असता तर हे तुम्हालाच दिसलं असतं, माझी गरज पडली नसती. आणि कृपया हाच कोपरा सगळ्या मैदानांना लावू नका. आपल्या शहरात प्रत्येक सेक्टर वेगळ्या अंशात वळलेला आहे. प्रत्येक ठिकाणी कंपास घेऊन जावं लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे, वाटेत चहाही होतो.

आता पाणी. खरं तर पत्राचं कारण हेच आहे, दिशेच्या नादात लांबलं.

ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या एका शहरात तीन वर्षांपूर्वी असंच एक मैदान नवं झालं. आम्ही तिथे सामने खेळायला गेलो होतो. चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, कर्बस्टोनसकट मैदानापेक्षा सहा इंच उंच. दिसायला देखणं. पण मैदान झालं परात. पडलेलं पाणी जाणार कुठे? ट्रॅकच्या बाहेर सुंदर गटार होतं, वर जाळ्या होत्या, आणि गटार कोरडं होतं. आत पाणी घोट्यापर्यंत. तिथल्या मुलांनी एका ठिकाणी कर्ब फोडून वाट काढली होती. ठेकेदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘मॅडम, ड्रॉइंगप्रमाणे केलंय.’ आणि ते खरंही असेल. मी स्वतः किती ड्रॉइंगमध्ये ट्रॅकची लेव्हल लिहिते आणि मैदानाच्या मधली लिहायची विसरते, हे त्या दिवशी आठवलं.

आपल्या शहरात हे दुप्पट नडतं. इथला बराच भाग खाडीकाठच्या दलदलीवर आणि मिठागरांवर भराव घालून झालेला. म्हणून तर हे शहर वसवणाऱ्या सिडकोने पावसाचं पाणी भरतीच्या वेळी अडवून ओहोटीला सोडायला होल्डिंग पाँड केले, खाडीच्या तोंडाला झडपा बसवल्या. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की नालाच भरलेला असतो. मैदानाच्या पाइपाचं तोंड नाल्यात बुडालेलं असेल तर पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. तेव्हा पाइपाचा व्यास ठरवायच्या आधी त्याचं तोंड कुठल्या लेव्हलला सुटणार ते ठरवा, आणि ते भरतीच्या दिवशी जाऊन बघा. कोरड्या फेब्रुवारीत घेतलेल्या लेव्हलवर विसंबू नका. एस्टिमेट मार्चअखेरच्या घाईत होतं, हे मी बोलत नाही, तुम्ही ऐकू नका.

उताराचं गणित साधं आहे. शंभर फुटांना एक फूट. पिचरभोवती आठ फूट त्रिज्येचं वर्तुळ असतं, तो सगळ्यांत उंच बिंदू धरायचा आणि तिथून चहूबाजूंना उतार सोडायचा. डोळ्याला तो दिसत नाही, पायाला लागत नाही, पाण्याला मात्र बरोबर समजतो. ट्रॅक मैदानापेक्षा खाली किंवा फार तर बरोबरीला. ट्रॅकच्या आतल्या कडेने खडी भरलेला चर, त्यात छिद्रांचा पाइप, आणि चेंबरची झाकणं खेळाच्या रेघांच्या बाहेर. लोखंडी झाकणावर धावत आलेली मुलगी कशी घसरते ते मी पाहिलंय.

आता तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात खेळ बंदच असतो, मग एवढं काय? पावसाळ्यात बंद नसतो, हीच तर मेख आहे. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक पावसातच उघडतं. १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट, आधी खालच्या पातळीचे सामने, मग विभाग, मग राज्य. पोरांचं वर्ष ज्या आठवड्यांत ठरतं त्याच आठवड्यांत मैदानावर बेडूक असतात. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोन आठवडे एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलने सराव केला. पहिल्या बेसला एक पांढरी गाडी, दुसऱ्याला खांब. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी काका खाली आले. ओरडायला आलेत असं वाटलं. त्यांनी आपली गाडी काढून गेटबाहेर लावली आणि म्हणाले, ‘तुमचा तो कोपरा वाढवा जरा, मुलगी खांबावर आपटेल.’ दोन आठवडे ते गाडी बाहेर लावत होते.

मातीबद्दल थोडं. थोडं म्हणते, पण यात मला फार बोलता येतं.

सॉफ्टबॉलचं इनफिल्ड, म्हणजे बेसांच्या आतला आणि भोवतीचा भाग, गवताचं नसतं, मातीचं असतं. तिथे धावायचं असतं, घसरायचं असतं. एस्टिमेटमध्ये साधारण एकच ओळ येते: मुरूम पसरून रोलिंग करणे. तो मुरूम नालेसफाईच्या रस्त्यावरही तोच आणि मुलींच्या मांड्यांखालीही तोच. सुपारीएवढे खडे असतात त्यात. स्लाइड करून उठलेल्या मुलीची सलवार गुडघ्याच्या वर फाटलेली, आत खरचटलेल्या रेघा, आणि ती आधी काय करते? मागे वळून पाहते की मुलं हसतायत का. पुढच्या वेळी ती स्लाइड करत नाही, उभ्याने पळते आणि आऊट होते. मग आम्ही कोच लोक म्हणतो, मुलींमध्ये जिद्द नाही.

हवं असतं ते असं: साधारण दोन तृतीयांश वाळू, बाकी गाळ आणि चिकणमाती, आणि चिकणमातीचा वाटा गाळाइतका किंवा किंचित जास्त. चार इंच थर पुरतो. काळी माती घालू नका, उन्हाळ्यात तडे जातात आणि पावसात चिखल बुटाला तळापासून धरतो. आजकाल सर्रास मिळणारी क्रश सँड टोकदार असते, कातडी सोलते. घालायचीच असली तर धुऊन, चाळून, बारीक. लाल माती कोकणात मुबलक आहे, फक्त ती चाळणीतून गेली पाहिजे. एस्टिमेटमध्ये ‘चाळून’ हा एक शब्द वाढवलात तरी माझं निम्मं पत्र सार्थकी लागेल.

आणि देखभालीत एक गोष्ट, जी नकाशात दिसत नाही. मातीचं इनफिल्ड आणि गवत जिथे भेटतात तिथे रोजच्या झाडण्याने माती साचत जाते. वर्षभरात तिथे दोन इंचांचा बांध तयार होतो. जमिनीवरून सरपटत आलेला बॉल त्या बांधावर आपटतो आणि उसळतो. आमची शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहणारी, खाली वाकली होती, ग्लव्ह जमिनीला टेकवून, अगदी शिकवल्यासारखी. बॉल ग्लव्हच्या वरून हनुवटीवर. नारळपाणीवाल्याने बर्फ दिला, रक्त थांबलं, आणि तिने विचारलं, ‘ताई, माझं काय चुकलं?’ तिचं काही चुकलं नव्हतं. आठवड्यातून एकदा ताठ काड्यांच्या झाडूने ती कड गवतातून मातीकडे उलटी झाडायची असते. उद्यानांतल्या माळी मावशी अंगण झाडतात तसं. त्यांना कुणी सांगितलं तर त्या आपल्यापेक्षा नीट करतील. आणि आखणीसाठी चुन्याची फक्की नको, ओल्या अंगाला भाजते, डोळ्यात गेली तर वाईट. खडूची किंवा संगमरवराची पूड वापरा.

मांडव. याशिवाय मैदानाचं बोलणं पूर्ण होत नाही. गणपती, नवरात्र, कुणाचा सत्कार, कसलंतरी प्रदर्शन. मी गरब्याच्या विरोधात नाही, नऊही दिवस जाते. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा सराव वेगळा असतो. मुली एका ओळीत हातभर अंतराने उभ्या राहतात आणि मैदान चालत ओलांडतात. दोघींच्या हातात दोरीला बांधलेलं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक. खिळे, तारांचे तुकडे, मांडवाच्या खुंट्या. गेल्या वर्षी बिस्किटांचा पत्र्याचा डबा अर्धा भरला. बांबूंचे खड्डे डेब्रिजने बुजवलेले असतात, तेही निवडावं लागतं. ते कुठल्या मंडळाचं हे मी सांगणार नाही, तिथे माझीही वर्गणी असते.

मांडव बंद करा असं मी म्हणत नाही, ते होणारही नाही. पण नकाशातच त्याची जागा आखा. फाटकाजवळ, त्या ३१ मीटरच्या पट्ट्यात टेम्पो येईल अशी कडक जमीन, आणि खांब बसवायला जमिनीत कायमचे झाकणवाले नळे. इनफिल्डवर ट्रक नाही. अनामत रक्कम परत करायच्या आधी कुणीतरी चुंबक घेऊन फिरावं. माझं देते.

क्रिकेटवाल्यांशी आमचं भांडण आहे असं बाहेरच्यांना वाटतं. नाही. मधली सिमेंटची पिच आमच्या होम प्लेटपासून साधारण ५५ मीटरवर, सेंटर फील्डमध्ये येते. इनफिल्डची माती त्याच्या कितीतरी आधी संपते. मागणी एकच: तिची कड गवताच्या बरोबरीला आणा आणि आमच्या वेळेत वर मॅट असू द्या. पाठीमागे धावत बॉल बघणाऱ्या मुलीला सिमेंटची कड दिसत नाही.

मॉर्निंग वॉकवाल्यांचं मात्र खरं आहे. आजोबा लोकांना फाउल बॉलची, म्हणजे रेघांच्या बाहेर उडालेल्या बॉलची, भीती वाटते आणि ती रास्त आहे, कारण फाउल बॉल जातो तो मागे आणि बाजूला, जिथे ट्रॅक आहे. सोडलेले १२ मीटर त्याचसाठी. ९ मीटर आमचे, नियमातल्या २५-३० फुटांच्या हिशेबाने, आणि ३ मीटर ट्रॅकचे. दोहोंमध्ये होम प्लेटच्या मागे वीसेक फूट उंच जाळी, आणि ती पहिल्या आणि तिसऱ्या बेसपर्यंत थोडी कमी उंचीची पुढे न्यायची. जाळीला खांब लागतात, खांबाला पाया लागतो, म्हणून ती आत्ताच नकाशात हवी. पेव्हर बसल्यावर खणायला सांगितलं तर तुम्ही मला दारात उभं करणार नाही.

हायमास्टबद्दल फार बोलत नाही. मधोमध एकच उंच खांब म्हणजे सभेचा उजेड. खेळायला चार कोपऱ्यांतून हवा, इनफिल्डवर जास्त, आणि पिचरच्या मागे डोळ्यांवर येणारा दिवा नको. आणि कृत्रिम टर्फचा जो हिरवा चौकोन मधे दाखवलाय तो शक्य तर वगळा. उन्हात तो तव्यासारखा तापतो, आणि एकदा जाळी लागली की तासाच्या भाड्याची पाटी लागायला वेळ लागत नाही.

मुलींसाठी स्वच्छतागृह, कडी लागणारं. सामान ठेवायला एक खोली, सहा फूट बाय आठ. आणि पहिल्या बेसला दुहेरी बेस: अर्धा पांढरा, अर्धा केशरी, धावणारी केशरीवर आणि पकडणारी पांढऱ्यावर, म्हणजे घोटे वाचतात. एवढंच.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या ग्रेट लॉनवर सॉफ्टबॉलची मैदानं आहेत. हिवाळ्यात ते मैदान बंद ठेवतात, गवताला दम घ्यायला. मोठं शहर, जागेला सोन्याचा भाव, तरी बंद म्हणजे बंद. आपल्याकडे गवताची विश्रांती मे महिन्याच्या शेवटापासून पहिल्या जोराच्या पावसाआधीपर्यंत ठेवता येईल, तेव्हा तशीही मुलं गावी असतात. वेळापत्रक फाटकावर लावा. कमानीवर नाही, फाटकावर, वाचता येईल अशा उंचीवर.

मैदान हलवता येतं हा समज सगळ्यांत घातक आहे. घणसोलीतल्या शासकीय क्रीडा संकुलाची जागा सोडून ते दूर रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या नाणोऱ्याला न्यायचं ठरलं होतं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आमच्या मैदानाचं तसं काही नाही, ते जागच्या जागी आहे. पण ओपन जिम चुकीच्या कोपऱ्यात पक्की झाली की पुढची पंधरा वर्षं ते मैदान आमच्यासाठी नाणोऱ्याइतकंच लांब.

माझी विनंती अशी: वर्क ऑर्डर निघण्याआधी एकदा या. शक्यतो पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, भरतीची वेळ बघून. लेव्हल मशीन आणलीत तर उत्तम, तिची मापाची पट्टी धरायला मी आहे. नाही आणलीत तरी चालेल, पाणी कुठे उभं आहे ते दिसेलच. बूट मात्र जुने घाला.

आपली,
कोपरखैरणेतली एक सॉफ्टबॉलवाली ड्राफ्ट्समन

ता. क. तुमच्या नकाशाची पीडीएफ मी ऑफिस सुटल्यावर ऑटोकॅडमध्ये घेऊन त्यावर डायमंड, म्हणजे होम प्लेट आणि तीन बेसचा चौकोन, काढून ठेवलाय. जाळी, चर, मांडवाचे नळे, सगळं वेगळ्या लेअरवर, म्हणजे नकाशावर ठेवलेल्या वेगळ्या थरावर. नॉर्थचा बाणही फिरवलाय. सांगाल तेव्हा फाइल पाठवते. लेअर बंद करायला एकच क्लिक लागतो हे मला माहीत आहे, म्हणून त्याला नाव ‘सॉफ्टबॉल’ न देता ‘ड्रेनेज’ दिलंय.